३०/६० : एका तिरक्या रेघेबद्दल

गेल्या वर्षी कंपनीनं मला पहिल्यांदा कॅम्पस इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर पाठवलं. मराठवाड्यातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, एकूण सतरा मुलंमुली. लॅपटॉपवर एक फॉर्म उघडा होता. पाच रकाने, प्रत्येकात १ ते ५ गुण. कोडिंग, मूलभूत संकल्पना, संवाद, टीमवर्क आणि शेवटचा रकाना 'पोटेन्शियल'.

पहिल्या चार रकान्यांत काय भरायचं ते मला साधारण कळत होतं. पाचव्यात काय भरायचं ते अजिबात कळत नव्हतं. तरी मी तो सतरा वेळा भरला.

जेवणाच्या सुट्टीनंतर आलेल्या एका मुलासमोर मी २ लिहिला. प्रश्न विचारला की तो बराच वेळ गप्प बसायचा. उत्तर चुकायचं नाही, पण यायला वेळ लागायचा. जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "मॅडम, माझं काय कमी पडलं?" मी म्हटलं, "एचआरकडून कळवतील." एचआरकडून असं काही कळवत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तो २ डोक्यातून गेला नाही. आणि त्याचा विचार करताना मला सारखा एक भलताच खेळ आठवत राहिला, बेसबॉल.

थर्ड इयरला हॉस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर 'मनीबॉल' सापडला होता. तेव्हा बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण ब्रॅड पिट एका खोलीत म्हाताऱ्या स्काउटांशी भांडतोय आणि भांडण कशावरून, तर अजून नीट दाढी न आलेल्या पोरांचं पुढं काय होणार यावरून, हे मला भारी वाटलं. नंतर मी सामने कमी बघितले आणि ड्राफ्टबद्दल जास्त वाचलं. कारण माझ्या फॉर्ममध्ये जो पाचवा रकाना होता, त्या एका रकान्यासाठी तिथं साठ वर्षं एक अख्खी यंत्रणा राबते आहे.

आज किती, उद्या किती

दर जुलैमध्ये मेजर लीगचे ३० संघ आळीपाळीनं नावं पुकारतात. २० फेऱ्या, सहाशेच्या आसपास मुलं. काही नुकतीच बारावी झालेली, बाकीची बहुतेक कॉलेजातली. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. तिथं दोन संघ एकाच खेळाडूसाठी बोली वाढवत नेऊ शकतात. इथं बोली नाही. ज्या संघानं नाव घेतलं, त्याच्याशीच मुलानं बोलायचं. पटलं नाही तर त्या वर्षापुरतं घरी बसायचं, किंवा कॉलेजात खेळायचं.

ही पद्धत आली १९६५ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी रिक रायकार्ट नावाच्या एका कॉलेजच्या पोराला एंजल्सनं दोन लाख पाच हजार डॉलर्स देऊन करारबद्ध केलं होतं. मालकांना अशा रकमांचा धसका होता. मग ड्राफ्ट आला आणि पहिल्याच वर्षी पहिला निवडला गेलेला रिक मंडे त्याच्या साधारण निम्म्या रकमेत मिळाला. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला आधी निवडायचा मान, असं या पद्धतीचं तत्त्व. (२०२३ पासून पहिल्या सहा जागांसाठी चिठ्ठ्या काढतात.) ऐकायला ते समतेचं वाटतं, आणि आहेही, पण ती समता संघासंघांतली. ज्याचं नाव पुकारलं जातं, त्या मुलाला त्या समतेत जागा नाही.

आता त्या मुलाचं मोजमाप कसं होतं ते बघा. स्काउट २० ते ८० अशा पट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. दर दहा गुण म्हणजे ढोबळमानानं एक प्रमाण विचलन, म्हणजे ८० वाला हजारात एखादा. बॅटरसाठी पाच गोष्टी बघतात : चेंडू बॅटवर घेण्याचं कौशल्य, फटक्यातली ताकद, धावण्याचा वेग, फेकीचा जोर आणि क्षेत्ररक्षण. आणि प्रत्येक गोष्टीसमोर एक नाही, दोन आकडे लिहितात. आज किती आणि उद्या किती. अठरा वर्षांच्या मुलापुढं '३०/६०' असं लिहिलेलं असतं. आज तो मेजर लीगच्या मानानं कच्चा आहे, पण पुढं सरासरीच्या बराच वर जाईल, असा त्याचा अर्थ.

मला त्या दोन आकड्यांपेक्षा मधली तिरकी रेघ महत्त्वाची वाटते. डावीकडचा आकडा बऱ्याच अंशी मोजलेला आहे. स्टॉपवॉच आहे, रडार गन आहे, आता तर बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग आणि चेंडूला मिळालेली फिरकी मोजणारी यंत्रंही आहेत. उजवीकडचा आकडा म्हणजे कुणीतरी बांधलेला अंदाज. पण कागदावर दोन्ही एकाच शाईत, एकाच पट्टीवर, एकाच मुलाच्या नावापुढं येतात. बघणाऱ्याला वाटतं, दोन्ही त्या मुलाबद्दल आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की उजवीकडचा आकडा त्या मुलाबद्दल नसतोच. तो आपल्याबद्दल असतो. आपण त्याला किती वेळ पाहिलं, कुठं पाहिलं, आपल्याला कसली मुलं आवडतात, आपण त्याच्यावर किती पैसे लावायला तयार आहोत, हे सगळं त्या आकड्यात असतं. आणि आपण ते त्याच्या गळ्यात अडकवतो.

चुकणं हा गुन्हा नाही

अंदाज चुकतात, आणि भयंकर चुकतात. १९६६ मध्ये मेट्सनं पहिल्या क्रमांकावर स्टीव्ह चिलकॉटला घेतलं, तो मेजर लीगमध्ये कधीच पोहोचला नाही. त्याच्या लगेच पुढं दुसऱ्या क्रमांकावर गेला तो रेगी जॅक्सन. १९९९ मध्ये अल्बर्ट पुहोल्सच्या आधी ४०१ नावं पुकारली गेली. त्यानं पुढं ७०३ होम रन मारले. टॅम्पा बेच्या एका स्काउटनं त्याच्यासाठी जीव तोडून आग्रह धरला होता. संघानं ऐकलं नाही, आणि त्या स्काउटनं नोकरी सोडली. २००९ मध्ये माइक ट्राउट पंचविसावा गेला. चोविसाव्या क्रमांकावरही एंजल्सचीच पाळी होती आणि त्यांनी दुसरं नाव घेतलं होतं. ट्राउट न्यू जर्सीचा. तिथं थंडी लांबते, शाळेचे सामने कमी होतात, समोरचे बॉलरही, म्हणजे पिचर, तितके तगडे नसतात. त्यामुळं त्या भागातल्या मुलांच्या आकड्यांवर स्काउट जरा कमीच भरवसा ठेवतात. म्हणजे पंचविसावा क्रमांक हा थोडा ट्राउटचा होता आणि थोडा न्यू जर्सीच्या हवामानाचा.

पण अशी यादी देऊन हसणं सोपं आहे. अठरा वर्षांच्या मुलाचं भविष्य कुणालाच दिसत नाही, ते स्काउटांनाही दिसलं नाही, यात नैतिक अपराध काय? चुकणं हा अपराध नाहीच. १९९१ मध्ये यँकीजनं पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या ब्रायन टेलरला १५.५ लाख डॉलर्स मिळाले. १९९३ च्या डिसेंबरमध्ये भावाची बाजू घेऊन तो एका भांडणात पडला आणि त्याचा चेंडू फेकायचा खांदा कामातून गेला. ज्यानं त्याला निवडलं त्या स्काउटला कुठला रकाना भरून हे दिसलं असतं?

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' अशी एक अडचण मांडली. जे आपल्या हातात नव्हतं त्यावरून आपण माणसांना दोष किंवा श्रेय देत असतो, आणि ते टाळताही येत नाही. ड्राफ्टबद्दलच्या गप्पा हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण आहे. दहा वर्षांनी मागं वळून पाहताना आपण स्काउटांना हुशार किंवा मूर्ख ठरवतो. पण निर्णय ज्या दिवशी घेतला, त्या दिवशी त्यानं त्या मुलाशी कसं वागायला हवं होतं, हा प्रश्न निकालावर सोडता येत नाही.

हे मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते एका अशा प्रकरणात, जिथं अंदाज बरोबर ठरला.

२०१४. ह्यूस्टन अॅस्ट्रोजनं पहिल्या क्रमांकावर ब्रेडी एकेन या शाळकरी पिचरला घेतलं. ६५ लाख डॉलर्सवर बोलणं झालं. मग वैद्यकीय तपासणीत त्याच्या कोपराच्या लिगामेंटबद्दल डॉक्टरांना शंका आली. संघानं आकडा खाली आणला, मुलानं नकार दिला, मुदत संपली. पुढच्याच मार्चमध्ये त्याचा कोपरा खरंच गेला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तो मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. अॅस्ट्रोजना भरपाई म्हणून २०१५ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची जागा मिळाली आणि त्यांनी अॅलेक्स ब्रेगमनला घेतलं. हिशोबानं बघितलं तर शंभर टक्के बरोबर निर्णय.

पण त्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी पाचव्या फेरीत जेकब निक्स नावाचा आणखी एक शाळकरी पिचर घेतला होता. त्याच्याशी १५ लाखांवर बोलणं पक्कं झालं होतं. आता यातली मेख अशी : पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक जागेला ठरावीक रक्कम असते, त्यांची बेरीज म्हणजे संघाचं बजेट. पहिल्या दहा फेऱ्यांतला एखादा मुलगा सही न करता गेला, तर त्याच्या जागेची रक्कमही बजेटमधून जाते. एकेनच्या जागेतून वाचणाऱ्या पैशांवर निक्सचे १५ लाख उभे होते. एकेन गेला, पैसे गेले, आणि निक्सचा करार झालाच नाही. त्याच्या कोपराला काही झालेलं नव्हतं. त्याच्या आकड्यात एका गुणाचाही फरक पडला नव्हता. तो फक्त दुसऱ्या कुणाच्या समीकरणातली एक संज्ञा होता. (पुढच्या वर्षी त्याला सॅन डिएगोनं घेतलं आणि २०१८ मध्ये तो मेजर लीगमध्ये खेळला.)

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, असं कांट सांगून गेला. ते वाक्य वाचताना मला नेहमी गुलामगिरी, युद्ध असलं काहीतरी मोठं डोळ्यांपुढं यायचं. आता एक्सेलची शीट येते.

मग आकडे फेकूनच द्यायचे?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, तर मग मोजूच नका, माणूस बघा. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारणही बेसबॉलमध्येच आहे.

'मनीबॉल'चा नायक बिली बीन हा स्वतः 'माणूस बघून' निवडलेला मुलगा होता. १९८० मध्ये मेट्सनं त्याला पहिल्या फेरीत, तेविसावा घेतला. उंच, देखणा, वेगवान. स्काउटांच्या डोक्यात खेळाडूचं जे चित्र होतं ते जणू जिवंत होऊन आलं होतं. स्टॅनफर्डला जायचं सोडून त्यानं सही केली. मेजर लीगमधली त्याची सरासरी राहिली .२१९, म्हणजे अगदीच सामान्य. तोच पुढं ऑकलंडचा जनरल मॅनेजर झाला आणि देहयष्टी बघून निवडण्याविरुद्ध त्यानं आकडे उभे केले. म्हणजे तिथं आकडा हा अन्याय करणारा नव्हता, अन्यायाविरुद्धचं हत्यार होता. ज्याच्या पोटाकडं बघून स्काउट हसायचे, त्या जेरेमी ब्राउनला २००२ मध्ये ऑकलंडनं पस्तिसावा घेतला तो त्याच्या कॉलेजमधल्या आकड्यांवरून. तो मेजर लीगमध्ये पाचच सामने खेळला, हेही सांगायला हवं. आकडेही चुकतात. पण त्यांनी निदान एका जाड्या मुलाला दारात उभं राहू दिलं.

आणि 'माणूस बघून' निवडण्याचं दुसरं टोक म्हणजे वशिला. माइक पियाझा १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, १३९० वा निवडला गेला. निवडला का गेला? त्याचे वडील आणि डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लसोर्डा यांची दोस्ती होती म्हणून. पुढं तो जगातल्या सर्वोत्तम फटकेबाज कॅचरांपैकी एक ठरला आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. ही गोष्ट नेहमी 'जिद्द' या सदराखाली सांगतात. मला ती वाचून वेगळाच प्रश्न पडतो. ज्यांच्या वडिलांची लसोर्डाशी दोस्ती नव्हती, असे किती पियाझा घरी बसले?

याचं उत्तर मिळणार नाही, कारण त्यांचा डेटाच नाही. मी रोज ज्या मॉडेल्सवर काम करते, त्यांच्यात हा आजार आम्हाला चांगला ठाऊक आहे. ज्याला मॉडेल नाकारतं त्याचं पुढं काय झालं हे कधी कळत नाही, त्यामुळं मॉडेलला आपली ती चूक कधी दिसतच नाही. ड्राफ्टमध्ये तर आकडा भविष्य फक्त सांगत नाही, घडवतोही. ज्याच्यावर साठ लाख डॉलर्स लावलेत तो दोन वर्षं वाईट खेळला तरी संघ थांबतो, कोच बदलतो, वेळ देतो. शेवटच्या फेरीतल्या मुलाला तेवढी ढिलाई नसते. मग दहा वर्षांनी आपण तक्ता काढतो आणि म्हणतो, बघा, वरच्या फेऱ्यांतली मुलंच जास्त यशस्वी होतात, आमची पट्टी बरोबर होती.

आणि आता ही दारं आणखी कमी झाली आहेत. ड्राफ्ट पूर्वी ४० फेऱ्यांचा होता. कोविडच्या वर्षी ५ फेऱ्यांचा झाला आणि २०२१ पासून २० वर थांबला. त्याच वर्षी मेजर लीगशी जोडलेले खालचे संघ १६० वरून १२० वर आणले. त्यामागं तर्क आहे : अंदाज आता चांगले होतात, मग चाळिसाव्या फेरीवर खर्च कशाला? पण त्या खालच्या फेऱ्या म्हणजे 'आम्ही चुकत असू' याची तरतूद होती. पियाझाची बासष्टावी फेरी आज अस्तित्वातच नाही. आपली पट्टी सुधारली की आपण आधी काय कापतो? आपल्याच शंकेसाठी राखून ठेवलेली जागा.

वरचा आकडाही जड असतो

हे सगळं फक्त खालच्या आकड्यांबद्दल नाही. २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर मार्क अपेल गेला. त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा होता क्रिस ब्रायंट आणि बत्तिसावा होता एरन जज. दोघंही पुढं एमव्हीपी झाले. अपेल दुखापती आणि अपयशांतून जात राहिला, त्याला दुसऱ्या संघात धाडलं गेलं, आणि २०१८ मध्ये त्यानं खेळ सोडला. त्याचं नाव घेतलं की लोक 'फुकट गेलेला पहिला नंबर' असंच म्हणायचे. विचार करा, तुम्ही सव्विसाव्या वर्षी आपल्या कामात जगातल्या बहुतेकांपेक्षा चांगले आहात, आणि तरीही तुमची ओळख काय, तर बाविसाव्या वर्षी कुणीतरी बांधलेल्या अंदाजात आणि तुमच्यात राहिलेलं अंतर. अंदाज त्यांचा, आणि चुकला तो अपेल.

२०२१ मध्ये तो परत आला. जून २०२२ मध्ये, तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमध्ये पहिला चेंडू टाकला. त्या हंगामात तो सहा सामने खेळला, तेवढेच. मला ही गोष्ट आवडते, पण तिच्यातून 'हार मानू नका' असं काही मला काढायचं नाही. उलट एक बोचरी शंका येते. तीन वर्षं खेळ सोडून परत आलेल्या पिचरसाठी दार उघडलं, त्यात 'एकेकाळचा पहिला नंबर' याचा वाटा नसेल का? अडतिसाव्या फेरीतला एखादा असा परत आला असता, तर?

या वर्षीचा फॉर्म

तर आकडे हवेत. पण आकडा देणाऱ्यावर काही देणं लागतं, असं मला वाटतं. एक, आकड्याबरोबर आपण किती पाहिलं तेही लिहायचं. दोन, आपण नाकारलेल्यांकडं पुन्हा बघायची काहीतरी सोय ठेवायची, कारण चूक असलीच तर ती तिथंच लपलेली असते. तीन, विचारणाऱ्याला कारण सांगायचं.

या वर्षी पुन्हा पॅनेलवर नाव आलं, तेव्हा मी एचआरला विचारलं, 'पोटेन्शियल'चा रकाना काढता येईल का? नाही येणार, म्हणाले, तो रिकामा ठेवला तर फॉर्म सबमिटच होत नाही. गेल्या वर्षी नाकारलेल्यांना पुन्हा बोलावता येईल का? पॉलिसीत बसत नाही. मग मला जमलं तेवढं केलं. शेऱ्याच्या जागी प्रत्येकासमोर लिहिलं : 'एकदाच पाहिलं, २५ मिनिटं.' जे जेवणानंतर आले त्यांच्यासमोर तेही लिहिलं. आणि प्रत्येकाला उठायच्या आधी दोन मिनिटं काढून सांगितलं, तुझं हे चांगलं वाटलं, इथं अडकलीस, हे वाच. एका मुलीनं वाद घातला. म्हणाली, "मॅडम, तुमचा प्रश्नच नीट नव्हता." मी प्रश्न पुन्हा वाचला. खरंच नीट नव्हता. तिचा एक गुण वाढवला.

यानं फार काही बदललं असं नाही. माझा शेरा डॅशबोर्डवर दिसतसुद्धा नाही, तिथं फक्त सरासरी जाते. आणि गेल्या वर्षीचा तो मुलगा आता कुठं आहे ते मला माहीत नाही. कदाचित मस्त चाललं असेल, कदाचित नसेल. त्यावरून मी बरोबर होते की चूक हे ठरवायचा मोह मी टाळते आहे.

त्याला द्यायचं उत्तर मात्र माझ्याकडं राहून गेलं आहे. "माझं काय कमी पडलं?" असं त्यानं विचारलं होतं. खरं उत्तर असं होतं की, तुझं काय कमी पडलं ते मला कळलं नाही. माझ्याकडं पंचवीस मिनिटं होती, मी तेव्हा दमले होते, आणि मला पटापट बोलणारी मुलं आवडतात.